हापसा आणि हापशाचा मेकॅनिक

बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात गेले की शाळेच्या आवारात, देवळाच्या पाराजवळ किंवा बसथांब्याच्या मागे एखादा हापसा हमखास दिसतो. तीन पायांवर उभे असलेले लोखंडी खोड, वर चौकोनी डोके, पुढे तोटी आणि मागे लांब दांडा. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी त्या दांड्याला लोंबकळून पाणी काढलेले असते. पण हे यंत्र आले कोठून, त्याला हाच आकार का मिळाला आणि ते चालू कोण ठेवते, असे विचारले तर उत्तर सहसा मिळत नाही. बुलडाण्याच्या शिक्षकांना तर हा इतिहास ठाऊक असायलाच हवा, कारण त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण देऊळगाव राजाला लागून असलेल्या जालन्यात घडले आहे.

आधी जमिनीकडे पाहू. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक स्वतः पाणी फारसे धरत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. त्यामुळे विहिरीला पाणी लागेल की नाही हे भेगेवर अवलंबून असते, आणि उन्हाळ्यात उथळ विहिरी आटतात. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जाड जमीन आहे. पण तेथील पाणी अनेक ठिकाणी खारे आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाणपट्ट्याची ओळख विदर्भात वेगळी सांगावी लागत नाही.

पूर्वी या भागाची तहान विहिरी, बारवा आणि तलाव भागवीत. सिंदखेड राजाचा मोती तलाव त्याची साक्ष देत आजही उभा आहे. परंतु पायऱ्यांच्या विहिरीत एक धोका होता. पाणी भरणारा माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय बुडवी. नारूची जखम असलेल्या माणसाने असे केले की कृमीच्या अळ्या पाण्यात मिसळत, त्या पाण्यातील सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात जात आणि तेच पाणी पिणाऱ्यांना वर्षभराने नारू होई. महाराष्ट्रात या रोगाने हजारो माणसांना अंथरुणाला खिळवले होते. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. यासाठी नारूवर औषध किंवा लस निघाली नव्हती. पाणी गाळून पिणे, पायविहिरी बदलणे आणि बंद तोंडाच्या बोअरवर हापसा बसवणे, या साध्या उपायांनी हे साधले.

मात्र बोअर खणणे आणि हापसा चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्या देशाला मोठी किंमत देऊन कळले.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळ पडले आणि कठीण खडकात झपाट्याने भोक पाडणारी, दाबाखालील हवेवर चालणारी यंत्रे भारतात येऊ लागली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने या कामाला गती दिली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमाराची. बोअर तर झाले, पण त्यांवर बसवले गेलेले पंप बिडाचे होते. त्यांचा मूळ आराखडा अमेरिका व युरोपातील शेतघरांसाठी होता. तेथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या पाणी काढी. येथे तोच पंप, तोही स्थानिक ओतशाळेतील नक्कल, पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गाव हापसू लागले. काही आठवड्यांतच खिळी झिजत, दांडे मोडत. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांतील सुमारे तीन पंप बंद आढळले. कोट्यवधी रुपये जमिनीत गेले होते आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीकडे वळल्या होत्या.

याच काळात जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये जॉन मॅक्लाउड नावाचे गृहस्थ काम करीत होते. बोअर पाडण्याच्या कामात त्यांना हीच अडचण आली. त्यांनी बिड सोडून पोलाद घेतले, सांधे कमी केले आणि दांडा एकाच आसावर, बंद बेअरिंगमध्ये फिरता ठेवला. दांडा आणि खालचा गज यांना जोडण्यासाठी त्यांनी साखळी वापरली. हा ‘जालना पंप’. पुढे सोलापूर येथे विहिरींच्या कामात असलेले स्वीडिश अभियंता ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी सुधारला आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाला. युनिसेफने हाच नमुना आधार मानून, मद्रास येथील मेराडो ही यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांच्या साहाय्याने सर्व देशाला चालेल असा पंप घडवला. कोइमतूरजवळ, जेथे पाणी फार खोल आहे तेथे, त्याची चाचणी झाली. १९७७-७८ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. नाव पडले ‘इंडिया मार्क टू’. त्याचे पेटंट घेतले नाही. मानकाप्रमाणे कोणत्याही कारखान्याने तो करावा, अशी मुभा राहिली. म्हणून तो भारतभर आणि पुढे आफ्रिकेतही पसरला. शाळेतील हापसा बहुधा याच घराण्यातला असतो.

आता साखळीच का, हे पाहण्यासारखे आहे. दांड्याचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते. गज मात्र सरळ उभाच वर-खाली झाला पाहिजे. दोघांना नुसत्या खिळीने जोडले तर गज दर खेपेला थोडा आडवा ओढला जातो आणि खीळ व भोक दोन्ही झिजतात. मार्क टूमध्ये दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळखंडाच्या आकाराचा भाग आहे आणि त्यावरून साखळी खाली लोंबते. दांडा कसाही फिरला तरी साखळी त्या वर्तुळाच्या एकाच स्पर्शरेषेत, म्हणजे बरोबर उभ्या रेषेत राहते. ही कल्पना जुनीच आहे. १७१२ साली इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकोमेन याने खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे इंजिन उभारले, त्याच्या तुळईच्या टोकांना अशाच कमानी आणि साखळ्या होत्या.

साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग दट्ट्या परत खाली जातो कसा? तर गजांच्या स्वतःच्या वजनाने. म्हणूनच फार उथळ बोअरवर हा पंप नीट चालत नाही. गज कमी लागतात आणि वजन अपुरे पडते. अशा ठिकाणी साखळीऐवजी घट्ट जोडणी असलेला प्रकार वापरावा लागतो.

दुसरा प्रश्न विद्यार्थी विचारतात तो असा: सिलिंडर इतक्या खोल का ठेवायचा? वर ठेवून पाणी शोषून का घेत नाही? याचे उत्तर टॉरिचेलीने सतराव्या शतकात दिले. पाणी वर येते ते हवेच्या दाबामुळे, आणि समुद्रसपाटीवर हवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभच तोलू शकते. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपास येते. गळती आणि घर्षण धरता व्यवहारात सात मीटरच पदरात पडतात. बोअरचे पाणी तर वीस-तीस मीटर खोल असते. म्हणून सिलिंडर पाण्यातच बुडवतात आणि पाणी शोषण्याऐवजी उचलतात.

उचलण्याचे गणित फळ्यावर करता येते. सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. दट्ट्याची धाव १२.५ सेंटिमीटर. गुणाकार केला की दर खेपेला सुमारे ३९६ घनसेंटिमीटर, म्हणजे चाळीस खेपांत साधारण पावणेसोळा लिटर पाणी मिळायला हवे. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर पाण्याचा भार सुमारे ९५ किलो येतो. १२ मिलिमीटर जाडीच्या गजांचे वजन २६-२७ किलो. एकूण १२० किलो. दांड्याची तरफ आठास एक आहे; त्यामुळे हाताला सुमारे १५ किलोचा जोर लागतो. दहा-बारा वर्षांचे मूल पाणी काढू शकते ते या तरफेमुळे.

यंत्र चांगले झाले, तरी झिजायचे राहिले नाही. सिलिंडरमधील दट्ट्याभोवती वायसर असतात, त्यांना मेकॅनिक ‘बकेट’ म्हणतात. पूर्वी ते चामड्याचे असत, नंतर कृत्रिम रबराचे आले. वाळूच्या कणांनी ते घासतात. गजांचे सांधे ढिले होतात. खाऱ्या पाण्यात जस्त चढवलेले पाइप गंजतात. तेव्हा दुरुस्तीची व्यवस्थाही आखावी लागली. १९७६ च्या सुमारास तामिळनाडूत तीन पायऱ्यांची पद्धत आली: गावात पंपाची देखरेख करणारा एक गावकरी, गटपातळीवर फिटर आणि जिल्ह्यात वाहनासह फिरते पथक. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातील तरुणांनाच हातपंप मिस्तरी करून त्यांच्यावर तीसेक पंप सोपवले. आपल्याकडे हे काम जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकांकडे आले.

देऊळगाव राजा तालुक्यातील एका शाळेत आम्ही हे काम जवळून पाहिले. मेकॅनिक आला, त्याने हत्यारांची पेटी उघडली नाही. आधी दांडा हापसला आणि खेपा मोजल्या. पाणी यायला पंचवीस खेपा लागल्या. नंतर मात्र धार चांगली होती. “रात्रभरात पाइप रिकामा होतो, खालची झडप गळते,” तो म्हणाला. वर्गात आपण ज्याला निरीक्षण, गृहीतक आणि पडताळा म्हणतो ते त्याने दोन मिनिटांत केले होते. त्याच्या जवळची इतर सूत्रेही आम्ही टिपून घेतली. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणी मुळीच नाही, तर गज तुटला किंवा सुटला. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीक, तर बकेट झिजले. वरून करकर आवाज, तर साखळीला ग्रीस नाही किंवा बेअरिंग गेले.

पडताळा मात्र कष्टाचा होता. मार्क टूचा पाइप ३२ मिलिमीटरचा, म्हणजे सिलिंडरपेक्षा अरुंद. दट्ट्या त्यातून वर निघत नाही. म्हणून झडप पाहण्यासाठी सगळे पाइप उपसावे लागतात. तीन मीटरचा एक, असे दहा पाइप. पाइप, गज आणि आतले पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास भार. एक जण पाइप शिकंजात धरतो, दुसरे दोघे पान्यांनी उचलतात, चौथा सांधा खोलतो. हात सुटला तर सगळा संच बोअरमध्ये जातो आणि बोअरच निकामी होऊ शकतो. शेवटी झडप हातात आली. तिच्या बैठकीवर खड्याचा एक कण अडकला होता.

ही मेहनत कमी करण्यासाठी ऐंशीच्या दशकात कोइमतूर भागातच ‘मार्क थ्री’ तपासला गेला. त्यात पाइप ६५ मिलिमीटरचा केला. आता दट्ट्या आणि खालची झडप पाइपातूनच वर काढता येतात, पाइप जागेवर राहतात. पंप महाग आणि पाइप जड झाले, पण गावातील दोन माणसे थोड्या हत्यारांनी दुरुस्ती करू शकतील अशी सोय झाली. मेकॅनिकचे काम लक्षात घेऊन यंत्राचा आराखडा बदलण्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

हापशाचा आणखी एक भाग दुर्लक्षित राहतो: ओटा आणि सांडपाण्याची नाली. मार्क टूचे खोड बोअरच्या पाइपावर टोपीसारखे बसते आणि ओट्यात पक्के केलेले असते, ते वरचे घाण पाणी आत जाऊ नये म्हणून. ओटा तडकला, नाली तुंबली, भोवती डबके साचले की तेच पाणी झिरपून बोअरला मिळते. मग पंप चालू असतो, पण पाणी पिण्याजोगे राहत नाही. शोषखड्डा आणि ओट्याची दुरुस्ती हे पंपाच्या दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आता काळ बदलला आहे. खारपाणपट्ट्यातील गावांसाठी वान धरणावरून १४० गावांची योजना आली. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली घरोघरी नळ देण्याचे काम सुरू झाले. हे योग्यच आहे. डोक्यावरचा हंडा उतरलाच पाहिजे. पण नळालाही मोटार, झडपा, पाइप आणि वीज लागते, आणि ही साखळी हापशाच्या साखळीपेक्षा पुष्कळ लांब आहे. मोटार जळते किंवा वीज जाते त्या दिवशी गाव पुन्हा हापशाकडे येते. नळ आला म्हणून हापशाचे ग्रीस बंद केलेले असेल, तर त्या दिवशी तोही साथ देत नाही. १९७४ च्या पाहणीचा धडा नळयोजनेलाही लागू आहे: उद्घाटनाचा खर्च सगळे मांडतात, पाचव्या वर्षीच्या वायसरचा खर्च कोणी मांडत नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. शाळेच्या हापशावर विद्यार्थ्यांकडून एका मिनिटात चाळीस खेपा मारून घ्याव्यात आणि पाणी मोजावे. पंधरा लिटरांच्या आसपास भरले तर पंप ठणठणीत आहे. सकाळी पहिली धार येईपर्यंत किती खेपा लागल्या हेही लिहावे. दर महिन्याला हे आकडे एका वहीत नोंदवले तर वर्षअखेर आलेखच तयार होतो, आणि पंप बंद पडण्याच्या कितीतरी आधी त्याची झीज दिसू लागते. पुढच्या खेपेला मेकॅनिक येईल तेव्हा ती वही त्याच्या हाती द्यावी, आणि तो पाइप उपसत असताना वर्गाला ओट्यापासून थोडे दूर उभे करून ते पाहू द्यावे.