झग्याआडची खूण

मराठी मुलखाला गोंदणाचे नवल नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवट निळे ठिपके असत. दिव्याचे काजळ, कसल्याशा पाल्याचा रस आणि दोन-तीन सुया एवढ्या सामग्रीवर गोंदणारी बाई आपले काम उरकत असे. सोनेनाणे मरणानंतर मागे राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी समजूत गावोगावी होती. ज्या स्त्रियांनी पुढे स्नानसंस्कार घेतला, त्यांच्याबरोबर त्यांचे गोंदणही ख्रिस्तमंदिरात आले. स्नानाच्या पाण्याने ते काही धुऊन निघणारे नव्हते.

आज हीच गोष्ट ‘टॅटू’ या नावाने शहरातून परत आली आहे, आणि तिच्याबरोबर एक नवा पेच आला आहे. शेतात राबणाऱ्या पणजीला तिच्या गोंदणाबद्दल कोणी जाब विचारला नाही. तिचा पणतू मात्र बँकेत, न्यायालयात, शाळेत, पोलीस दलात किंवा रुग्णालयात नोकरी करतो. हातावर क्रूस गोंदवून घ्यावा असे त्याला मनापासून वाटते, परंतु वरिष्ठ काय म्हणतील याची धास्तीही वाटते. मग तो धर्मगुरूकडे येतो आणि विचारतो, “फादर, चालेल का?” या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. देवाला चालेल का, हा पहिला. आणि माझ्या पदाला चालेल का, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे नियमांच्या पुस्तकापेक्षा ख्रिस्तसभेच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडतात. कारण गणवेशाने, व्रताने आणि राजपदाने जखडलेल्या माणसांनीच ही खूण वेळोवेळी अंगावर वागवली आहे.

निषेध आणि अभिमान

गोंदणाविरुद्ध बोट दाखवताना लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन हटकून पुढे केले जाते. मृतांसाठी अंगावर वार करून घेऊ नका आणि देहावर खुणा करून घेऊ नका, असा त्या वचनाचा आशय आहे. त्याच्या आगेमागे जे निषेध येतात, ते शेजारच्या मूर्तिपूजक राष्ट्रांच्या शोकविधींना आणि शकुन-जादूटोण्यांना उद्देशून आहेत. इस्राएलाने परक्या दैवतांची मालकी आपल्या कातडीवर लिहून घेऊ नये, हा त्यामागील हेतू होता. त्याच बायबलमध्ये यशया संदेष्टा मात्र असा दिवस पाहतो, की ज्या दिवशी माणूस आपल्या हातावर परमेश्वराचे नाव लिहील व स्वतःला त्याचा म्हणवील. म्हणजे वाद खुणेचा नसून मालकीचा आहे.

पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आपण येशूच्या खुणा देहावर वागवीत आहोत असे सांगतो, तेव्हा तो ‘स्टिग्माता’ हा शब्द वापरतो. आज हा शब्द कानावर पडला की संत फ्रान्सिस असिसीकरांच्या पंचजखमा आपल्याला आठवतात. त्या काळच्या ग्रीक श्रोत्याला मात्र पळपुट्या गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर टोचलेली अक्षरे आठवत. पौलाच्या खुणा फटक्यांच्या आणि दगडांच्या होत्या, गोंदणाच्या नव्हे. परंतु नाव त्याने निवडले ते गुलामाच्या कलंकाचे. इसवी सन ३१५-१६ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाईनने कायदा केला की, खाणीत धाडलेल्या कैद्यांच्या चेहऱ्यावर अशी अक्षरे उमटवू नयेत; हातांवर व पोटऱ्यांवर उमटवली तरी पुरे. मानवी मुखाला स्वर्गीय सौंदर्याचे साम्य आहे व ते विद्रूप होता कामा नये, असे कारण त्या कायद्यात दिलेले आहे.

शिपायाची खूण

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात आणखी एका वर्गाच्या कातडीवर खूण असे, तो म्हणजे सैनिक. युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजिशियस सांगतो की, नव्या रंगरुटाला आल्याआल्या गोंदू नये. आधी त्याची कसरत घ्यावी, त्याची ताकद व चपळाई पारखावी, आणि तो टिकेल अशी खात्री पटल्यावरच ही खूण द्यावी. त्या काळी सैनिकी पेशाइतका शिस्तबद्ध दुसरा पेशा नव्हता, आणि त्याच पेशाचे हे गोंदण अधिकृत ओळखपत्र होते.

या शिपाईगोंदणाचा उपयोग ख्रिस्ती ईशज्ञानाला फार मोलाचा ठरला. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटस पंथीयांशी वाद पेटला होता. फुटीर गटात ज्याचा स्नानसंस्कार झाला, तो ख्रिस्तसभेकडे परतल्यास त्याला पुन्हा स्नान द्यावे काय, असा प्रश्न होता. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी उत्तरासाठी सैनिकाचा दाखला घेतला. छावणी सोडून पळालेला शिपाई परत आला तर त्याला कोणी नव्याने गोंदीत नाही, कारण जुनी खूण कायम असते. फितुरीच्या काळात तीच त्याला दोषी ठरवीत होती आणि परतल्यावर तीच त्याची ओळख पटवते. स्नानसंस्काराचेही तसेच आहे, असे त्यांचे म्हणणे. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा ही तीन साक्रामेंते आत्म्यावर अमिट मुद्रा उमटवतात आणि म्हणून ती पुन्हा देता येत नाहीत, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली घोषित केले. त्या शिकवणीच्या मुळाशी एका सामान्य शिपायाच्या हातावरचे गोंदण आहे, याचे स्मरण आपण ठेवत नाही.

कपाळावरच्या बारा ओळी

सहाव्या शतकाच्या सुमारास गाझा येथील प्रोकोपियस या भाष्यकाराने यशयाच्या त्याच वचनाचा अर्थ लावताना नोंदवले आहे की, पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूसाची खूण वा ख्रिस्ताचे नाव टोचून घेतात. पुढे ७८६ साली पोप पहिले एड्रियन यांचे प्रतिनिधी इंग्लंडात गेले. तेथील धर्मसभांत त्यांनी देह रंगवण्या-टोचण्याच्या जुन्या मूर्तिपूजक चालीचा निषेध केला. परंतु त्याच कलमात त्यांनी असेही लिहून ठेवले की, हीच इजा कोणी देवासाठी सोसली तर त्याला मोठे फळ मिळेल. भ्रामक समजुतीने सोसली तर मात्र त्याचा तारणाला काही उपयोग नाही. या विषयावर यापेक्षा नेमका विवेक मला दुसरीकडे आढळलेला नाही.

देवासाठी ही इजा सोसण्याचा प्रसंग पन्नास वर्षांनी खरोखरच आला. थिओडोर व थिओफानेस हे दोघे सख्खे भाऊ जेरुसलेमनजीकच्या संत साबा मठातील मठवासी होते. पवित्र प्रतिमांचा आदर करू नये, असा बायझंटाईन सम्राट थिओफिलस याचा हुकूम होता. या भावांनी तो मानला नाही. ८३६ साली सम्राटाने त्यांच्या चेहऱ्यांवर बारा ओळींचे निंदापर पद्य गोंदवून घेतले. ज्या मुखाला कॉन्स्टंटाईनने संरक्षण दिले होते, तेच मुख एका ख्रिस्ती सम्राटाने पाच शतकांनंतर विटंबनेसाठी निवडले. थिओडोर छळाच्या काळातच मरण पावले. सम्राटाच्या मृत्यूनंतर, ८४३ साली, प्रतिमांचा आदर पुन्हा प्रस्थापित झाला आणि थिओफानेस निसेया नगरीचे बिशप झाले. बिशपपदापेक्षा अधिक परंपरानिष्ठ पद कोणते असणार? तरीही ज्या चेहऱ्यावर गुन्हेगार म्हणून बारा ओळी लिहिलेल्या होत्या, तोच चेहरा घेऊन ते वेदीसमोर उभे राहिले. पौर्वात्य ख्रिस्तसभा या दोघा संतांना ‘ग्राप्तोई’, म्हणजे ‘लिहिले गेलेले’, याच नावाने ओळखते.

झग्याआड

चौदाव्या शतकातील जर्मन डोमिनिकन धर्मगुरू धन्यवादित हेन्री सूझो यांची कथा याच्या उलट आहे. येशूनामाच्या प्रेमाने व्याकूळ होऊन त्यांनी लेखणीच्या टोकाने आपल्या छातीवर, हृदयाच्या जागी, येशूनामाची आद्याक्षरे कोरली. जखम भरली आणि अक्षरे राहिली. वर संघाचा झगा होता. एका जिवलग मित्राशिवाय ती खूण त्यांनी कोणाला दाखवली नाही. प्रवचनपीठावर उभ्या असलेल्या या धर्मगुरूच्या छातीवर काय आहे, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

याच सूझोंनी पुढे स्वतःची कठोर देहदंडने सोडून दिली आणि त्यांची शिष्या, ट्यॉस मठातील धर्मभगिनी एल्सबेथ श्टागेल, हिला त्यांचे अनुकरण करू दिले नाही. तिने मग तांबड्या रेशमाने कापडाच्या लहान तुकड्यांवर येशूनाम भरले. सूझो ते तुकडे आपल्या छातीला लावून आपल्या आध्यात्मिक लेकरांना पाठवीत. ज्यांच्या कातडीवर अक्षरे असू शकत नव्हती, त्यांच्याकडे ती कापडावर पोहोचली, आणि त्यामुळे त्यांची भक्ती उणी ठरली नाही.

यात्रेकरूंचे मनगट

गोंदण ही कसबी हातांची कला म्हणून ख्रिस्ती जगात नावारूपाला आली ती पवित्र भूमीत. १६५८ साली तेथे गेलेला फ्रेंच प्रवासी झाँ द तेव्हनो याने बेथलेहेमच्या ख्रिस्ती कारागिरांची पद्धत बारकाईने लिहिली आहे. त्यांच्याकडे लाकडाचे कोरीव ठसे असत. यात्रेकरू हवा तो ठसा निवडी. ठशाला कोळशाची पूड लावून तो दंडावर दाबायचा, कातडी एका हाताने ताणून धरायची, दुसऱ्या हातात काडीला बांधलेल्या दोन सुया घ्यायच्या, त्या बैलाच्या पित्तात कालवलेल्या शाईत बुडवायच्या आणि उमटलेल्या रेषांवरून टोचत जायचे. शेवटी जागा द्राक्षारसाने धुवायची. आपल्याकडची गोंदणारी बाई हे वर्णन ऐकून मान डोलावती!

गोव्यात राशोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, त्याच्या चार वर्षे आधी विल्यम लिथगो हा स्कॉटिश प्रवासी जेरुसलेमला पोहोचला. तो प्रॉटेस्टंट होता. त्याने दंडावर येशूनाम व जेरुसलेमची खूण तर गोंदवलीच, शिवाय आपल्या जेम्स राजाचे नाव व मुकुटही गोंदवून घेतला. यात्रेकरूंची व्यवस्था पाहणारे फ्रान्सिस्कन मठप्रमुख त्यामुळे रुष्ट झाले. १६२० साली स्पेनमधील मालागा येथे तो हेर म्हणून पकडला गेला, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने दंडावरचा तो मुकुट मांसासकट फाडायला लावला, असे त्याने लिहिले आहे. पवित्र खुणेशेजारी आपण जे राजकारण गोंदवतो त्याची किंमत केव्हा, कोठे चुकवावी लागेल, हे सांगता येत नाही. ते राजकारण खणून काढणाऱ्यांचा हातही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचाच होता, हेही आपण झाकून ठेवू नये.

पुढे राजेही त्या सुईखाली बसले. इंग्लंडचे युवराज एडवर्ड यांनी १८६२ साली जेरुसलेममध्ये दंडावर क्रूस गोंदवला. वीस वर्षांनी, १८८२ साली, त्यांचे दोन्ही पुत्र नौदलाच्या सफरीत तेथे गेले आणि त्यांनीही वडिलांचा कित्ता गिरवला. त्यांतील धाकटे जॉर्ज यांच्या हातावर आदल्या वर्षी जपानात काढलेला ड्रॅगन होताच. पितापुत्र दोघेही यथाकाल राजे झाले. व्हिक्टोरियाकालीन दरबारी पोशाखाच्या लांब बाह्यांखाली हे सारे निमूट झाकून राहिले.

जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझूक हे कॉप्टिक घराणे आजही हा व्यवसाय करते. आपली परंपरा सातशे वर्षांची असल्याचे ते सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्याला याकोब रझूक शवपेट्याही बनवीत आणि गोंदणही करीत. त्यांच्या लाकडी ठशांचा अभ्यास करून जॉन कार्सवेल यांनी १९५६ साली जेरुसलेममध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस क्रूस असतो, लहान मुलांच्याही. तो क्रूस दाखवून चर्चच्या दारातून आत जाता येते. पण त्याच क्रूसामुळे नोकरीत डावलले जाण्याची आणि त्याहूनही वाईट प्रसंग ओढवण्याची भीती त्यांना बाळगावी लागते. तुर्की अंमलाखालील बोस्नियातही कॅथलिक मुलींच्या हातांवर संत योसेफाच्या सणाच्या सुमारास क्रूस गोंदवीत. आपली ओळख कोणी पुसू नये, हाच त्यामागचा भाव असल्याचे सांगतात.

पदाचा प्रश्न

१९ मार्च २०१८ रोजी रोममध्ये युवकांच्या सभेत युक्रेनच्या एका सेमिनरी विद्यार्थ्याने पोप फ्रान्सिस यांच्यापुढे गोंदणाचा विषय काढला. गोंदणाला घाबरू नका, असे पोप महोदयांनी सांगितले. एरिट्रियाचे ख्रिस्ती लोक कपाळावर क्रूस गोंदवतात याची त्यांनी आठवण दिली, अतिरेक मात्र अयोग्य ठरवला, आणि गोंदण ही कशाशी तरी असलेल्या नात्याची खूण असते, तेव्हा त्या खुणेपासूनच तरुणाशी संवाद सुरू करावा, असे सुचवले. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ७८६ साली होते तेच आज आहे: कोणासाठी, ते आधी सांग.

दुसरा प्रश्न पदाचा. पद हे लोकांच्या विश्वासावर उभे असते, आणि ज्या संस्थेचा पगार आपण घेतो तिचे रास्त नियम पाळणे हाही सद्‌गुणच आहे. आपल्या लष्कराचे भरतीचे नियम कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि हाताच्या पालथ्या बाजूस गोंदणाला मुभा देतात. आदिवासी जमातींच्या रूढींचा वेगळा विचार करतात. इतरत्र नियम याहून कडक असू शकतात. ते आधी वाचावेत, सुई टोचल्यावर नव्हे. बाहीखाली झाकली जाईल अशी जागा निवडण्यात भित्रेपणा नाही. सूझोंनी तर आयुष्यभर खूण झाकली. निर्जंतुक नवी सुई, जाणता हात आणि साधी, शुद्ध रेषा यांचा आग्रह धरावा. आणि व्हेजिशियसचा सल्ला पाळावा: रंगरुटाला आल्याआल्या गोंदू नये. वर्षभर थांबून ती इच्छा टिकते का, हे पाहावे.

मात्र क्रूस गोंदवून घेतल्यावर बाही खाली ओढता आली तरी जबाबदारी झाकता येत नाही. त्या हाताने लाच घेतली, खोटी सही केली, अशिलाला किंवा रुग्णाला फसवले, तर ऑगस्टीनच्या पळपुट्या शिपायाप्रमाणे ती खूणच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. आणि ज्यांच्या हातावर काहीच गोंदलेले नाही, त्या आपणा सर्वांवरही स्नानसंस्काराची मुद्रा आहेच. ती कोणत्याही साहेबाला दिसत नाही, कोणत्याही यंत्राने पुसत नाही. तरुणाच्या मनगटाकडे बोट दाखवण्यापूर्वी, आपल्या कचेरीत आणि बाजारात ती मुद्रा ओळखू येईल असे आपण वागतो का, हे आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावे.