लहान कुत्र्याची घरातील शी-शू : पद्धतीची निवड

प्रौढ वयात साधारण 10 किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्याला (शित्झू, ल्हासा आप्सो, पग, पॉमेरेनियन, डॅशहुंड, चिवावा इ.) मलमूत्रविसर्जनासाठी घरातलीच एक जागा ठरवून देऊन तिची सवय लावणे, याला बोलण्यात सर्रास ‘पॉटी ट्रेनिंग’ म्हणतात. प्रस्तुत नोंद शिकवण्याआधीच्या निर्णयाविषयी आहे : कागद, पॅड, गवत, मोरी आणि दाणेदार ट्रे यांतले काय घ्यावे. उदाहरणे मुख्यतः मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली आहेत. वाड्याला परसू होते, बंगल्याला आवार असते. हा प्रश्न खरा सातव्या मजल्यावरचा.

लहान कुत्र्याचे वेगळेपण : पिल्लाला लघवी किती वेळ धरता येते, याचा ढोबळ आडाखा असा की वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून येणारे तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. लहान जातींच्या बाबतीत हा हिशेब उदारच म्हणायचा. त्यांचे मूत्राशय लहान आणि चयापचय वेगवान असल्यामुळे जागेपणी त्यांना तासा-दीड तासाने जावे लागते. त्यात लसींचे वेळापत्रक आडवे येते. पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे इतर कुत्री फिरतात त्या कोपऱ्यावर तोवर पिल्लू टेकवू नये, असे पशुवैद्य सांगतात. सवय लागण्याचे नेमके हेच आठवडे घरात जातात. पुढे पावसाळा येतो; उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती कुत्र्यालाही असते, माणसालाही.

लहान आकाराचा आणखी एक परिणाम मालकावर होतो. लॅब्रेडॉरचे डबके कोणी खपवून घेत नाही. चिवावाची चमचाभर शू मात्र सोफ्यामागे आपोआप सुकते आणि ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून दिली जाते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पूर्ण सवय लागलेल्यांचे प्रमाण लहान कुत्र्यांत मोठ्यांपेक्षा कमी आढळले. त्यात कुत्र्याच्या बुद्धीपेक्षा माणसाच्या ढिलाईचा वाटा मोठा असावा, असे म्हणायला जागा आहे.

पायाखालचा पृष्ठभाग : निवडीचा कणा हाच. जन्मल्यानंतर सुमारे तीन आठवडे आई चाटते तेव्हाच पिल्लू शी-शू करते. नंतर ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊ लागते आणि आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या पायांना एका विशिष्ट पृष्ठभागाची ओढ लागलेली असते. म्हणून पिल्लू घरी आणताना विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न वंशावळीचा नसावा. ते आजवर कशावर शू करत आले, हे विचारावे. कागदावर वाढलेल्याला कागदापासून सुरुवात करून देणे सोपे जाते. दुकानाच्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत झोपावे लागलेल्या पिल्लाची दूर जाण्याची उपजत वृत्तीच बोथट झालेली असते. अशा पिल्लाला कोणतीही पद्धत दिली तरी वेळ लागतो.

कुत्रे जागा लक्षात ठेवते, पण त्याहून घट्ट लक्षात ठेवते ते तळपायाला काय लागले ते. म्हणून पद्धत निवडताना घरभर नजर टाकावी आणि त्याच स्पर्शाचे दुसरे काय काय जमिनीवर पसरलेले असते ते पाहावे. बहुतेक घरांतली फजिती इथूनच सुरू होते.

कागद व पॅड : रद्दीचा कागद सर्वांत स्वस्त, आणि सुरुवातीच्या आठवड्यांसाठी उत्तम. तो ओल धरत नाही, ती खाली झिरपते, वास राहतो. पण खरी अडचण मराठी घराच्या सवयीत आहे. रविवारची पुरवणी जमिनीवर पसरून आजी मेथी निवडायला बसतात, दिवाळीच्या दिवसांत चकल्या काढायला कागदच अंथरला जातो. कागदावर वाढलेल्या पिल्लाला त्या पुरवणीत आणि कोपऱ्यातल्या आपल्या पुरवणीत काहीही फरक दिसत नाही; ते येते आणि निवडलेल्या मेथीशेजारी बसते. त्याला ओरडण्यात अर्थ नसतो.

तयार पॅडमध्ये वर न विणलेले कापड, मध्ये लगदा व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखे अतिशोषक बहुवारिक आणि तळाशी प्लास्टिक असते. अशा अतिशोषकांवरचे आरंभीचे काम 1960 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात मातीतली ओल टिकवण्यासाठी झाले. ते डायपरमध्ये गेले आणि तिथून कुत्र्याच्या पॅडमध्ये आले. शोषण चांगले, उचलून टाकणे सोपे. पण पायाला पॅड कापडासारखे लागते, आणि मग पायपुसणे, बाथरूमची मॅट, पलंगावरून घसरलेली गोधडी ही सगळी त्याच्या लेखी पॅडेच होतात. पॅड निवडणाऱ्याने निदान पहिले दोन-तीन महिने घरातली पायपुसणी उचलून ठेवावीत. पॅड 60 × 60 सेंमी. पेक्षा लहान घेऊ नये, कारण शी करण्याआधी कुत्रे गोल फिरते आणि लहान पॅडवर त्याचे पुढचे पाय आत, मागचे बाहेर, असे होते. दिवसाला दोन धरली तरी महिन्याला 60 पॅड लागतात आणि लहान जातीचे कुत्रे बारा-पंधरा वर्षे सहज जगते. हा खर्च पहिल्या पाकिटाच्या किमतीवरून कळत नाही. वापरलेले पॅड ओल्या कचऱ्यात जात नाही. डायपरप्रमाणे वेगळे गुंडाळून द्यावे. शी आधी उचलून कमोडमध्ये टाकावी. धुण्याजोगी कापडी पॅडे स्वस्त पडतात, मात्र ती धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातल्यास त्यांचे शोषण कमी होते.

काही पिल्ले पॅड फाडतात. आतले बहुवारिक व प्लास्टिक पोटात गेल्यास आतडे तुंबण्याचा धोका असतो. अशा पिल्लाला पॅड मोकळे न देता वर जाळी बसणाऱ्या ट्रेमध्ये द्यावे.

मोरी, बाथरूम, ड्राय बाल्कनी : निचऱ्याची जाळी आणि नळ दोन्ही तयार असलेली ही जागा आपल्याकडच्या घरांचा मोठा फायदा आहे. परदेशी पुस्तके वाचून कुत्रे पाळणाऱ्यांच्या ती लक्षातच येत नाही, कारण त्या पुस्तकांतल्या बाथरूमची जमीन अनेकदा कोरडी असते आणि तिला जाळीच नसते. आपल्याकडे तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. पॅडचा खर्च नाही, कचरा नाही.

तरीही मोरी जशीच्या तशी देऊ नये. बाथरूमची टाइल आणि हॉलची टाइल कुत्र्याच्या पायाला सारखीच. टाइलवर शू करायला शिकलेले पिल्लू हॉलमध्ये करते, तेव्हा ते आपल्या समजुतीप्रमाणे शिकवलेलेच करत असते. उपाय सोपा आहे : जाळीजवळ तळाला भोके असलेल्या कृत्रिम गवताचा 60 × 60 सेंमी. चा तुकडा टाकावा, म्हणजे तो स्पर्श घरात इतरत्र कुठेही राहत नाही. दुसरी अडचण वेळेची. कुत्र्याला उठल्याउठल्या जायचे असते आणि सकाळी सात ते नऊ घरातल्या एकुलत्या बाथरूमला आतून कडी असते. तिसरी ओलेपणाची, अंघोळीनंतर अर्धा तास जमीन ओली राहते आणि पाय भिजणे अनेक लहान कुत्र्यांना अजिबात चालत नाही, ती दारातून परत फिरतात. घरात वृद्ध माणसे असतील तर त्यांचा पाय निसटणे हा वेगळाच धोका. म्हणून दोन बाथरूमचे घर किंवा वॉशिंग मशीनसाठी काढलेली ड्राय बाल्कनी असेल तरच ही पद्धत खऱ्या अर्थाने बसते. आणि तशी सोय असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते बाकी पर्यायांकडे फार पाहण्याची गरज नाही. दार मात्र दिवसरात्र उघडे राहिले पाहिजे. पाहुणा गेला आणि दार ओढून आला, की महिन्याची मेहनत वाया जाऊ शकते.

गवत : कृत्रिम गवताच्या ट्रेचा फायदा असा की पुढे कुत्र्याला खालच्या बागेत न्यायचे असल्यास पाय गवताला सरावलेले असतात. ट्रेमध्ये गवत, जाळी व खालचे तबक असे तीन भाग असतात आणि तिन्ही रोज धुवावे लागतात. ‘आठवड्यातून एकदा’ असे पाकिटावर छापलेले असले तरी मे महिन्यात दुसऱ्या दिवशीच अमोनियाचा वास येतो आणि जुलैत धुतलेले गवत वाळत नाही. दोन तुकडे आलटून पालटून वापरणे हाच मार्ग. भर उन्हातल्या बाल्कनीत कृत्रिम गवत इतके तापते की कुत्रे त्यावर पाय ठेवत नाही. नर्सरीतून खरे लॉन आणून ट्रेमध्ये ठेवणारेही आहेत. कुत्र्याला ते सर्वांत आवडते, पण लघवीतल्या नत्रामुळे ते करपते आणि दर एक-दोन आठवड्यांनी बदलावे लागते.

बाल्कनीत काहीही ठेवताना कठड्याच्या गजांमधले अंतर मोजावे. दोन किलोचे पिल्लू त्यातून जाऊ शकते. खालच्या मजल्याचाही विचार हवा. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, हे खरे; पण वरून ठिबकलेले पाणी खालच्यांच्या तुळशीत पडत असेल तर त्यांची तक्रार त्या सूचनांनी खोडून निघत नाही.

दाणेदार ट्रे : 1947 मध्ये अमेरिकेत एड लो यांनी मांजरांसाठी शोषक माती विकायला सुरुवात केली आणि ट्रेची कल्पना रुळली. कुत्र्यासाठी कागदाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या चालतात. मांजरांची गुठळ्या होणारी बेंटोनाइट माती वापरू नये; पिल्ले ती खातात आणि ती पोटात फुगते. आपल्याकडे कुत्र्यांत ही पद्धत फारशी रुजलेली नाही.

कुत्र्याच्या कमरेला बांधायचा पट्टा व डायपर हे निवडीत धरले जात नाहीत. ते गळती थांबवतात, शिकवत काहीच नाहीत.

जात, लिंग व वय : डॅशहुंडच्या पाठीच्या मणक्यांतील चकत्यांना इजा लवकर होते, म्हणून त्याच्या ट्रेची कड उडी मारावी लागणार नाही इतकी बुटकी असावी. शित्झू-ल्हासाच्या पंजांचे व पोटाचे केस ओल्या पॅडला लागून चिकटतात. त्यांना पाणी खाली जाऊ देणारी जाळी बरी, आणि केस कापलेले असावेत. नर साधारण सहा महिन्यांनंतर पाय वर करू लागला की सपाट पॅड पुरत नाही, शू मागच्या भिंतीवर जाते. तिथे एक पॅड उभे लावावे किंवा ट्रेमध्ये छोटा खांब ठेवावा. घरभर थोडे थोडे शिंपडणे ही हद्द आखण्याची खूण असू शकते. नसबंदीने ते बऱ्याच नरांत कमी होते.

सवय लावणे : एकदा पृष्ठभाग ठरला की तो बदलू नये. बदलावाच लागला तर नव्या गवतावर जुने पॅड टाकून ते रोज थोडे थोडे कापत न्यावे. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पिल्लाला तिथे न्यावे, कारण पोटात अन्न पडले की आतड्यांना चालना मिळते. एकटे असताना त्याला छोट्या कुंपणात, एका टोकाला अंथरूण व दुसऱ्या टोकाला शूची जागा अशा रचनेत ठेवावे. बक्षीस जागेवर आणि त्याच क्षणी द्यावे. स्वयंपाकघरात जाऊन बिस्किटाचा डबा उघडेपर्यंत पिल्लू कशाबद्दल मिळाले ते विसरलेले असते. सांकेतिक शब्दही उपयोगी पडतो. जपानमध्ये लहान कुत्री घरातल्या शीटवरच जाणे ही सर्वसाधारण रीत आहे आणि तिथले मालक ‘वान-त्सू, वान-त्सू’ असा ताल धरतात. आपल्याकडे ‘शू कर’ पुरते. नाक घासणे, पेपरची सुरळी मारणे हे जुने उपाय घातक आहेत. त्यातून कुत्रे एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही, आणि ते पलंगाखाली जाते.

चुकलेली जागा फिनेलने पुसण्याची आपली पद्धत दोन्ही बाजूंनी फसते. माणसाला वास येईनासा होतो, कुत्र्याला येत राहतो. शिवाय ओल्या फरशीवरून गेलेले पंजे ते चाटते. अमोनिया असलेले क्लीनर तर लघवीचीच आठवण करून देतात. एन्झाइमयुक्त द्रव ओतून दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावा, त्याआधी जंतुनाशक वापरू नये. जुने डाग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने दिसतात.

घरात सोय झाली म्हणून फिरवणे बंद करू नये. हुंगत हुंगत चालणे ही कुत्र्याची वेगळी गरज आहे. बाहेर शी झाली तर ती उचलावीच लागते, मुंबईत 2006 च्या स्वच्छता उपविधींपासून त्यासाठी दंडाची तरतूद आहे.

सवय पक्की झालेले कुत्रे अचानक चुकू लागले, वारंवार थेंब थेंब करू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर पद्धत बदलण्याआधी पशुवैद्याकडे लघवीचा नमुना न्यावा. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह ही कारणे आढळतात. घरी कोणी आल्यावर आनंदाने वा दबून गेल्यामुळे होणारी शू हा शिकवण्याचा प्रश्नच नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याला ड्राय बाल्कनीपर्यंतचे अंतर रात्री पार होत नसेल, तर त्याच गवताचा दुसरा तुकडा त्याच्या अंथरुणापासून चार-पाच पावलांवर टाकावा.