जेमतेम एक ग्रॅमचा हिशेब

लिंबागणेशच्या बचत गटाच्या आम्ही बायका तुमच्याशी बोलतोय.

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. "ताई, ते खनिजाच्या पावडरीचे डबे विकायला येतात, ते घ्यावेत का?" डब्यावरच्या यादीत लोह, जस्त ही नावं ओळखीची असतात. एक नाव मात्र जिभेवर बसत नाही, ते म्हणजे मॉलिब्डेनम. आज त्याचीच गोष्ट सांगतो, कारण या गोष्टीत आपली ज्वारी आहे.

मॉलिब्डेनम हा एक धातू. 1778 साली स्वीडनमधल्या शेले नावाच्या शास्त्रज्ञानं तो ओळखला. पोलाद कणखर करायला तो वापरतात. असल्या धातूचा जेवणाशी काही संबंध असेल, हे पुढची दीडशे वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिला सुगावा लागला तो शेतीत. हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंना हा धातू लागतो, असं 1930 मध्ये जर्मनीतल्या बोर्टेल्स यांनी दाखवलं. तूर, हरभरा, मूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात ना? त्या गाठींतलं नत्राचं काम याच्यावरच चालतं. म्हणून डाळी-कडधान्यांत तो चांगला मिळतो.

दुसरी गोष्ट कळली ती गुरांमुळे. इंग्लंडमधल्या सॉमरसेट भागात काही कुरणांवर चरलेल्या गाई हगवणीनं खंगायच्या. त्या गवतात मॉलिब्डेनम फार होतं, हे 1938 मध्ये उघड झालं. उपाय निघाला मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचा. मॉलिब्डेनम जास्त झालं की जनावराच्या अंगातलं तांबं कमी पडतं, हे तिथून समजत गेलं.

माणसाला तो लागतोच, हे ठरायला 1981 उजाडलं. अमेरिकेत एका आजारी तरुणाला कित्येक महिने सगळं अन्न शिरेतून दिलं जात होतं आणि त्यात हा धातू नव्हता. त्याची छाती धडधडायला लागली, रातांधळेपणा आला, शेवटी शुद्ध हरपली. मॉलिब्डेनम दिल्यावर तो सुधारला. अन्नातल्या गंधकाचा निचरा करायला शरीराला हा धातू हवाच असतो. पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 45 मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. साठ वर्षांचा हिशेब मांडला तर जेमतेम एक ग्रॅम भरतो. म्हणजे अख्ख्या आयुष्याला सोन्याच्या एका मण्याएवढा!

आता आपल्या भाकरीकडे येऊ. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या देवस्थळे आणि डॉ. सी. गोपालन यांनी 1974 साली ज्वारीवरचा एक अभ्यास छापला. कमी-जास्त मॉलिब्डेनम असलेल्या ज्वारीचं जेवण त्यांनी माणसांना दिलं. सगळ्यांत कमी होतं त्या जेवणातही दिवसाला 160 मायक्रोग्रॅम मिळत होते, म्हणजे गरजेच्या तिपटीहून जास्त. ते 1540 पर्यंत वाढवल्यावर लघवीतून जाणारं तांबं 24 वरून 77 मायक्रोग्रॅमवर गेलं. गाईंच्या बाबतीत दिसलेलं तांब्याचं नातं माणसातही दिसलं.

हा अभ्यास त्या वेळी का महत्त्वाचा ठरला, ते शेजारच्या नालगोंडा जिल्ह्यात कळतं. तिथल्या काही गावांत पोरांचे गुडघे आत वळत होते, चालणं अवघड झालं होतं. 1973 साली याच संस्थेनं ते जगापुढे मांडलं. मूळ कारण होतं विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराईड. पण पाणी तर आधीपासून तसंच होतं, मग हे आताच का? संशोधकांनी बोट दाखवलं ते नागार्जुनसागर धरणाच्या पाझराकडे. भूजल वर आलं, जमिनीचा सामू वाढला. सामू वाढला की पीक मॉलिब्डेनम जास्त उचलतं. त्या गावांतल्या ज्वारीत ते जास्त सापडलं. तांबं तर हाडांच्या बांधणीला लागतं. फ्लोराईड आणि तांब्याची तूट यांनी मिळून हाडं वाकवली असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

यावरून ज्वारी वाईट असं कुणी म्हणू नये. आपल्या आज्या-पणज्या मालदांडीच्या भाकरीवरच जगल्या. तिथे दाणा तोच होता, बिघडलं ते पाणी आणि माती.

म्हणून डब्याच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. ज्या घरात भाकरी आणि डाळ आहे, तिथे मॉलिब्डेनम विकत आणायची गरज नाही. तो पैसा तूर, मटकी, हुलग्याला लावा. कोयता घेऊन ऊसतोडीला गेलो की सहा-सहा महिने भाकरी-चटणीवर निघतात. तेव्हा गाठोड्यात डाळ आधी बांधा. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्या चालूच ठेवा.

आणि खरी काळजी करायची ती पाण्याची. आपल्या जिल्ह्यातही काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आढळलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक. दुसरी सोयच नसेल तर 1.5 ही शेवटची हद्द. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्यावर दाट होतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायच्या पेटीचं शिक्षण दिलं जातं. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा आणि वर्षातून एकदा तरी आपल्या बोअरचं पाणी त्यांच्याकडून तपासून घ्या. पेटीनं जास्त दाखवलं तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला लावा, आणि निकालाचा कागद बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा.