धार कुणाची

दाढी करताना न्हावी सगळ्यांना दिसतो. वस्तऱ्याला धार लावताना तो कुणाच्या हिशेबात नसतो. आमच्या झाडीपट्टीत त्याला म्हाली म्हणत आणि त्याची मजुरी वर्षाकाठी धानात मिळे. मळणी झाली की खळ्यावर जायचं आणि नांगरामागे ठरलेलं धान घेऊन यायचं. त्यात घरातल्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या, पोरांची जावळं, लग्नाची बोलावणी, दहाव्याचं मुंडण, सगळं आलं. धार मात्र म्हाल्याच्या पदरची. वस्तरा बोथट झाला तर शिव्या त्याने खायच्या, झिजला तर नवा त्यानेच घ्यायचा. म्हणून ज्याला दगड आणि पट्टा कळला त्याचं घर तगलं. माझ्या आज्याचं तगलं. लाखनीजवळच्या आमच्या गावात त्याने एकाच वस्तऱ्यावर आपली हयात काढली आणि तोच वस्तरा माझ्या बापाच्या हाती दिला. मी आज लाखनीत सलून चालवतो, आणि या धारेचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि ती उगाच जाड नसते. पातं दगडावर आडवं टाकलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. त्यामुळे कोन हाताने धरावा लागत नाही, पाठच तो धरते. दगडावर धार पुढे ठेवून पातं ढकलायचं, पट्ट्यावर नेमकं उलटं: पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं उलटायचं ते पाठीवरून. धारेवरून उलटलं की पट्टा चिरला आणि धारही गेली. आजा पट्ट्याचं एक टोक खांबाच्या खिळ्याला अडकवी आणि दुसरं डाव्या मुठीत ताणून धरी. आम्हा पोरांना त्याचं एकच सांगणं असे, "ढिला धरू नोको, धार गोल होते." पट्टा झोळ खातो तेव्हा चामडं धारेभोवती वळतं आणि तासलेलं टोक बोथट करतं. इतकं साधं कारण आहे, पण हाताला ते कळायला पोराचा बाप्या व्हावा लागतो.

दगडाच्या बाबतीत आमचा मुलूख श्रीमंत. लाखनी तालुक्यातल्या पोहऱ्याच्या परिसरात कुरुंद सापडतो. हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिज म्हणजे हाच. कठीणपणाच्या दहाच्या मापात हिरा दहा, कुरुंद नऊ. माणिक आणि नीलम ही रत्नंही मुळात कुरुंदच. जुन्या काळी हिंदुस्थानातले शिकलगार कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून धार लावायच्या चकत्या बनवत. भंडाऱ्याकडच्या जंगलात लाखही होई, म्हणजे दोन्ही जिन्नस घरचे. आजा कुरुंदाची भुकटी पाण्यात ढवळून ठेवी. जाड कण लगेच तळाला बसत. वरचं गढूळ पाणी तो दुसऱ्या भांड्यात ओती, तिथून तिसऱ्यात. पहिल्या भांड्यातली भुकटी विळ्या-कोयत्यांसाठी, दुसऱ्यातली कातरीसाठी, आणि तिसऱ्या भांड्यात रात्रभरात सावकाश बसलेली, बोटाला लोण्यासारखी लागणारी ती वस्तऱ्यासाठी. जवसाच्या तेलात ती मळली की झाला लेप. पट्ट्याच्या मागच्या, खरबरीत अंगाला तो चोळायचा. पुढचं गुळगुळीत अंग कोरंच ठेवायचं. आधी लेपावर थोडे हात, मग कोऱ्या चामड्यावर पुष्कळ, हा क्रम त्याने कधी मोडला नाही. लेप रोज लागत नसे. दाढी ओढायला लागली तरच. रोज पुरे पडायचं ते कोरं चामडंच.

पुढे बापाच्या वेळी भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिश करणाऱ्यांकडून हिरवी कांडी मिळू लागली. ती क्रोमियम ऑक्साइडची. तिचा चांगला बारीक कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. सोनाराकडची लाल भुकटी म्हणजे लोहाचा गंजच, तो त्याहून मऊ. बाप हिरव्यावर खूश होता. आजा म्हणे, हिरव्याने धार कडक येते आणि गालाला बोचते, तिला कोऱ्या चामड्यावर जास्त घोळावं लागतं. दोघांचे हात मी पाहिलेत आणि माझा कौल आज्याकडे आहे.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसं होतं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचं उत्तर ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो वाकून तिरपा अडला आणि धारेच्या नेमक्या त्याच जागी पोलादाची घडण असमान असली, तर तिथून कपची उडते. हे वाचल्यावर मला आज्याची पाण्याची वाटी समजली. गावात साबण नसे. तो नुसतं पाणी लावून गाल इतका वेळ चोळी की माणूस पेंगायला लागे. पाणी प्यालेला केस नरम पडतो, धारेवर जोर कमी येतो. गिऱ्हाइकाला सुख वाटे आणि वस्तऱ्याचं आयुष्य वाढे, दोन्ही त्या एका वाटीत.

ही सामग्री किती जुनी आहे ते पवनीकडे पाहिलं की ध्यानात येतं. वैनगंगेकाठच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूप म्हटला की भिक्खू आले आणि भिक्खू म्हटले की वस्तरा आला, कारण भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, म्हणजे आठ परिष्कारांत, तोही धरलेला आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना वस्तरा, तो घासायचा दगड, त्याचं म्यान आणि नमद्याचा तुकडा बाळगायची मुभा दिली आहे. आज्याच्या धोकटीत याहून फार वेगळं काही नव्हतं. आणि भिक्खूंच्या नियमांचा तो विनय पहिल्या धर्मसंगीतीत, राजगृहाला, ज्याने सांगितला तो उपाली मूळचा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांनी आपला अभिमान मोडावा म्हणून त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे त्याला वंदन करणं त्यांना भाग पडलं. आमच्या धंद्याच्या पूर्वजांत मी उपालीला सगळ्यात वरचा मान देतो.

कारण पुढे गावगाड्यात याच वस्तऱ्याने माणसं वेगळी काढली. आज्याचा पट्टा गावातल्या चांभाराने केलेला होता. म्हशीचं चामडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, पुढचं अंग घोटून आरशासारखं केलेलं. त्या चामड्याशिवाय धार बसत नसे. आणि त्या चांभाराची दाढी आजा करत नसे. महारांचीही नाही. गावाचा तसा दंडक होता, आणि तो मोडला तर बाकीच्यांचं धान बंद होण्याची भीती होती. भीती खरी होती, पण अन्यायही तितकाच खरा होता. ज्याच्या हाताच्या चामड्याने वस्तरा तेज व्हायचा त्याच्याच गालाला तो लागायचा नाही, हे आमच्या घराण्याच्या इतिहासातून मी वगळणार नाही.

नाभिकांनी नकार योग्य जागीही वापरलेला आहे. १८९० मध्ये मुंबईत ‘दीनबंधु’ वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. पोटावर पाय येणार हे माहीत असूनही त्या माणसांनी वस्तरा धोकटीत ठेवला. आमच्या गावापर्यंत तो वारा यायला फार वर्षं गेली.

१९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पुढच्याच वर्षी अस्पृश्यता अपराध कायदा आला. अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणं त्याने गुन्हा ठरवलं. त्यात सलूनची खुर्चीही आली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढे तालुक्याच्या ठिकाणी रोख पैशाची दुकानं वाढली, तिथे खुर्चीत बसलेल्याची जात विचारायला कुणाला सवड नव्हती. बापाने गावचं बलुतं सोडून लाखनीत दुकान टाकलं ते यासाठीही, असं तो स्वतः सांगे. धान बुडालं, पण कुणाची दाढी करायची हे आता गाव ठरवत नव्हतं.

दगड आणि पट्टा कोपऱ्यात गेले ते त्यानंतर. १९८६ मध्ये मद्रासला भारतातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले आणि पुढच्या वर्षांत दर गिऱ्हाइकाला नवं पातं वापरा असा प्रचार गावोगाव पोचला. तो बरोबरच होता. एकाच्या गालावरून उठलेला वस्तरा पट्ट्यावर घोळून दुसऱ्याच्या गालावर ठेवणं आज कुणीही करू नये. चामडं रक्त पुसून घेतं, मारत नाही. आता आम्ही ब्लेडचे दोन तुकडे करतो, अर्धा तुकडा मुठीत बसवतो आणि दाढी झाली की टाकून देतो. धारेचा खर्च पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या पैशात धरला गेला. या फेरबदलाने न्हाव्याचा फायदा झाला, असं मी ठामपणे म्हणतो.

पण धार विकत आली म्हणून हात विकत येत नाही. अर्ध्या पात्याला जाड पाठ नसते, म्हणून जो कोन वस्तरा दगडावर आपोआप सांभाळी तो इथे गालावर मनगटाने सांभाळावा लागतो. नव्या पोरांना मी फुगलेल्या फुग्यावर फेस लावून शिकवतो. त्यातलं एखादं कोन चुकवायला लागलं की त्याला आज्याचा पट्टा खिळ्याला लावून देतो आणि जुना वस्तरा त्यावर कोरडा फिरवायला सांगतो. पातं चपटं ठेवून, पाठीवरून उलटत, पट्टा ताठ धरून. दोन-तीन दिवस तेच केलं की मनगट वळायला लागतं, मग पुन्हा फुगा.