बर्लिनचे सोनेरी अस्वल

परदेशातल्या चित्रपटमहोत्सवाचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या श्रोत्याला १९३७ सालचे व्हेनिस आणि तिथे गौरवला गेलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ हटकून आठवतो. आठवावाही. पण आज मला आपल्यापुढे मांडायची आहे ती एका दुसऱ्या, फारशा न बोलल्या गेलेल्या बक्षिसाची हकिगत. १९६७ च्या उन्हाळ्यात पश्चिम बर्लिनमध्ये सतरावा आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सव भरला, आणि लघुपटांसाठीचे तिथले सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे सोनेरी अस्वल, एका भारतीय लघुपटाला मिळाले. लघुपट पाव तासाच्या आसपासचा, कृष्णधवल. सुरुवातीची थोडकी प्रस्तावना सोडली तर त्यात निवेदन नाही, संवाद नाहीत, आणि गोष्ट तर मुळीच नाही. करणारा गृहस्थ पेशाने चित्रकार. चित्रपटाच्या वाटेला तो पहिल्यांदाच गेलेला. जन्म पंढरपूरचा. नाव मकबूल फिदा हुसेन.

ह्या बक्षिसाचे नवल समजायचे तर तो लघुपट कोणी काढला हे आधी पाहिले पाहिजे. तो काढला भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने!

आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना हे नाव ऐकताच काय आठवेल ते मला ठाऊक आहे. मुख्य चित्रपटाआधी पडद्यावर यायचे ते धरण, तो ट्रॅक्टर, ते फीत कापणारे मंत्री, आणि सगळ्यावर घुमणारा तो भारदस्त आवाज. कित्येक प्रेक्षक त्या वेळेचा उपयोग बाहेर उभे राहून चहा-विडी उरकण्यासाठी करीत. मीही केला आहे, हे कबूल करतो.

ह्या खात्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्धप्रचारासाठी १९४३ साली इंग्रज सरकारने ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही संस्था उभी केली आणि सरकारमान्य अनुबोधपट दाखवण्याची सक्ती चित्रपटगृहांवर केली. १९४६ साली ती संस्था बंद झाली. परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारपाशी स्वतःचे चित्रपटखातेच उरले नव्हते. हा धडा चांगलाच लागला असावा. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना मुंबईत झाली. सक्ती मात्र जुनीच पुढे चालू राहिली. गोऱ्यांनी गेल्यावर जी शस्त्रे मागे ठेवली त्यांतले हे एक, आणि आपल्या राज्यकर्त्यांनी ते फारशी का-कू न करता उचलले, असे माझे मत आहे. एवढे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे, की ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते तिथे पडद्यावरून देश दाखवण्याची ही कल्पना खुळी नव्हती. खुळा होता तो एकच एक साचा. चित्र काहीही असो, निवेदक ते समजावून सांगणार. म्हणजे प्रेक्षकाने पाहायचे नाही, ऐकायचे.

ह्या साच्याला पहिला मोठा तडा गेला १९६५ नंतर. इंदिरा गांधी तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होत्या. त्या सुमारास जाँ भावनगरी हे पॅरिसच्या युनेस्कोमधून पुन्हा फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. हे मुंबईचे पारशी गृहस्थ मोठे हरहुन्नरी. हौसेने जादूचे प्रयोगही करीत. त्यांनी तरुण मंडळींना मोकळीक दिली. एस. एन. एस. शास्त्रींनी स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलामुलींना कॅमेऱ्यापुढे बोलते केले, तो ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ काढला. प्रमोद पती यांनी तर प्रेक्षकांचे डोळे दिपतील असे विलक्षण प्रयोग केले. आणि ह्याच काळात हुसेन यांना सांगण्यात आले, की तुम्हीही एक चित्रपट करून पाहा.

हुसेन काही सिनेमाला परके नव्हते. मुंबईत आले तेव्हा ते पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवीत; पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधल्या सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे ह्या मंडळींत त्यांचे नाव झाले. आता ते कॅमेरा घेऊन राजस्थानात गेले: बुंदी, चितोड, जैसलमेर. कोणी सरकारी निवेदनकार बरोबर असता तर चितोड म्हटल्यावर पद्मिनी आणि जोहार सुटला नसता. हुसेनांनी काय टिपले? एक छत्री. एक कंदील. एक जोडा. गाय, गल्ल्या, भिंती, उन्हातली माणसे. ह्या वस्तू पुन्हा पुन्हा येतात, वाटेल तिथे येतात, आणि विजय राघव राव यांचे संगीत त्यांना एका सुतात ओवते. कंदील तर त्यांचा जुनाच सोबती. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ ह्या गाजलेल्या चित्रात दिवा आहेच. छत्रीचा अर्थ काय, असे विचारणाऱ्याला हा लघुपट उत्तर देत नाही. पाहणाऱ्याने एकदा तो प्रश्न सोडून दिला, की मग भिंतीवरचे ऊन दिसू लागते.

जनतेच्या पैशांतून असला चित्रपट काढावा का? हा प्रश्न आजही कोणी विचारला तर मी त्याला अरसिक म्हणणार नाही. शेतकऱ्याला खताची माहिती हवी, छत्री नको, हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण ह्या खात्याने वर्षानुवर्षे शेकडो माहितीपट काढले, त्यांत एक चित्रकार पाव तास गप्प राहिला तर खजिना बुडत नव्हता. आणि खरे सांगायचे तर शब्दांनी भरलेल्या त्या माहितीपटांतले किती लोकांच्या लक्षात राहिले?

बर्लिनचा निकाल म्हणजे काही देवाचा कौल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. १९५१ साली सुरू झालेला हा महोत्सव दुभंगलेल्या शहराच्या पश्चिम भागात भरे. १९६१ पासून मध्ये भिंत उभी होती, आणि सोव्हिएत चित्रपट तिथे पहिल्यांदा आला तो १९७४ साली. ‘आंतरराष्ट्रीय’ ह्या शब्दाला एवढी वेस होतीच. तरीही शब्दांवाचून उभ्या राहिलेल्या लघुपटाला तिथे दुभाषा लागला नाही, ही गोष्ट खरी. त्याच वर्षी मोठ्या चित्रपटांचे सोनेरी अस्वल ‘ल देपार’ला मिळाले, म्हणजे एका पोलिश दिग्दर्शकाने, स्कोलिमोव्स्कीने, बेल्जियममध्ये काढलेल्या चित्रपटाला.

भावनगरी लवकरच परत पॅरिसला गेले. हुसेन यांनी पुढे उतारवयात ‘गजगामिनी’ आणि ‘मीनाक्षी’ असे दोन मोठे चित्रपट केले. अखेरची वर्षे त्यांना देशाबाहेर काढावी लागली आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. फिल्म्स डिव्हिजनने १९९० पासून मुंबईत अनुबोधपट आणि लघुपटांचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. तिथे अस्वलाऐवजी शंख देतात. खुद्द ते खाते अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पेडर रोडवरच्या त्याच्या आवारातल्या गुलशन महालात २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुंबईला जाणे झाले तर सवड काढून तिथे जरूर जावे.