सहसेवकाचा दोष

इंग्लंडांतील कायद्याचा इतिहास बहुधा राजे, पार्लमेंट आणि गाजलेले राजकीय खटले यांच्या अनुषंगानें लिहिला जातो. परंतु कष्टकऱ्याच्या संसाराशीं न्यायासनाचा संबंध कसा येतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें एका खाटकाच्या गाडीकडे वळावें.

१८३५ सालीं थॉमस फाउलर या खाटकाचा तरुण नोकर चार्ल्स प्रीस्टली धन्याच्या हुकुमावरून माल घेऊन निघाला. गाडींत मांस प्रमाणाबाहेर भरलें होतें. ती वाटेंत मोडली आणि त्याच्या मांडीचें हाड मोडलें. त्यानें धन्यावर दावा लावला, व लिंकन येथील ज्यूरीनें त्यास १०० पौंड भरपाई ठरविली. त्या काळीं दिवाणी दाव्यांत पक्षकारास स्वतः साक्ष देतां येत नसे. ती मुभा १८५१ सालीं मिळाली. म्हणजे ज्याचें हाड मोडलें तोच न्यायालयांत मुका! वकील हीच त्याची वाणी.

परंतु १८३७ सालीं एक्स्चेकर न्यायालयांत लॉर्ड ॲबिंजर यांनीं तो निकाल फिरविला. हे पूर्वी जेम्स स्कार्लेट या नांवानें ज्यूरीचें मन वळविण्यांत नामांकित असलेले बॅरिस्टर होत. नोकरास अशी दाद दिली, तर दासीनें ओलसर अंथरूण घातलें किंवा स्वयंपाकिणीनें तांब्याचीं भांडीं नीट घासलीं नाहींत, तरी धनीच जबाबदार होईल, असें त्यांचें म्हणणें. शिवाय जेथें इजेची भीति वाटते तें काम नोकरानें नाकारावें! काम नाकारणाऱ्याच्या घरीं चूल कशी पेटावी, हा प्रश्न त्या निकालांत नाहीं.

१८४२ सालीं मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश शॉ यांनीं हात गमावलेल्या एका इंजिनचालकाच्या दाव्यांत अशीच मीमांसा केली : धोक्याची किंमत वेतनांत धरलेलीच असते. १८५० सालीं इंग्लंडांत हें तत्त्व रेल्वेच्या नोकरांस लागू झालें. सहसेवकाच्या चुकीनें इजा झाली तर धनी मोकळा. १८६८ सालीं तर खाणीचा व्यवस्थापकसुद्धां मजुराचा सहसेवकच ठरला. मोठ्या कंपनीचा धनी कारखान्यांत क्वचितच दिसावयाचा. तेव्हां त्याचा स्वतःचा दोष दाखविणें मजुराच्या वकिलास किती दुर्घट झालें असेल, याची कल्पना करावी.

१८८० च्या कायद्यानें थोडी वाट करून दिली. पण हा हक्क करारानें सोडून देतां येतो, असा निर्णय १८८२ सालीं झाला. खरा पालट १८९७ च्या भरपाईच्या कायद्यानें घडला. रेल्वे, खाणी, कारखाने अशा धोक्याच्या धंद्यांत धन्याचा दोष सिद्ध न करतांही मजुरास भरपाई मिळूं लागली. अपराध कोणाचा, याऐवजीं इजा किती व कमाई किती बुडाली, हा प्रश्न पुढें आला. आणि त्यामुळें डॉक्टरांच्या मताला वजन आलें.

ही लाट आपल्याकडेही आली. मजूर-भरपाईचा हिंदुस्थानचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. कोणत्या अवयवाच्या हानीनें कमाईची शक्ति शेंकडा किती घटते, याचें कोष्टकच त्याला जोडलेलें होतें. पुढें १९३८ च्या कायद्यानें सहसेवकाच्या दोषाचा बचाव येथें ठराविक प्रसंगीं बंद झाला. इंग्लंडांत तो १९४८ सालीं समूळ गेला.

खाटकाच्या गाडीपासून येथवर येण्यास एकशें तेरा वर्षें लागलीं. अपघात टळत नाहींत. त्याचा भार कोणीतरी सोसावाच लागतो. तो ज्याच्याजवळ गमावण्यास केवळ हातपाय आहेत त्यानें सोसावा, कीं ज्याच्या फायद्यासाठीं काम चाललें आहे त्यानें, एवढाच हा वाद होता. कराराचें स्वातंत्र्य दोघांस सारखें आहे असें म्हणणें सोपें. पण एकास भूक थांबूं देत नाहीं आणि दुसऱ्यास थांबतां येतें, हा भेद न्यायासनाच्या ध्यानीं येण्यास एक शतक खर्ची पडलें.