रोरोस : तांब्याचं गाव

नॉर्वेतल्या या डोंगरी गावात बहुतेकजण आधी चर्च बघतात. मी आधी धातुमळीचे ढीग चढले. भट्ट्यांतून निघालेले हे काळे-तांबूस ढीग थेट वस्तीला भिडलेत. त्यांच्या पायथ्याशी कामगारांची बुटकी ओंडक्यांची घरं. छपरावर माती, मातीवर गवत. दारातून आत जायचं तर मान वाकवावी लागते.

इथली तांब्याची कंपनी १६४४ सालची. १६४६ मध्ये राजानं खाणीभोवती ४५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून त्यातली जंगलं, पाणी आणि खनिजं तिच्या हवाली केली. आतल्या शेतकऱ्यांवर लाकूड-कोळसा वाहायची सक्ती आली. आणि लाकूड लागायचंही केवढं! खडकाला लागून शेकोटी पेटवायची, दगड तापून तडकला की हातोड्यानं पाडायचा. भट्टीला पुन्हा लोणारी कोळसा. आजूबाजूची जंगलं तुटली ती अशी.

१६७८ आणि ७९ मध्ये स्वीडिश सैन्यानं गाव जाळलं. लोकांनी ते पुन्हा उभारलं. १७८४ चं पांढरं दगडी चर्च खरंच देखणं आहे. मनोऱ्यावर मात्र कंपनीचं हातोड्यांचं चिन्ह आहे, आणि मला ते खटकतं.

३३३ वर्षांनी, १९७७ मध्ये, कंपनीचं दिवाळं निघालं. १९८० मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पण वर्तुळातला परिसर आणि बर्फावरून मालवाहतूक करणाऱ्यांची हिवाळी वाट त्या यादीत यायला २०१० उजाडलं. ओझी वाहणाऱ्यांची नोंद फार आधी व्हायला हवी होती.